पुस्तकाकडून नकार

दिलेलं पुस्तक आवडलं नाही म्हणून अर्ध्यात परत आणणाऱ्या मुलाला इंदूताई आठल्ये साजूक तुपातला शिरा करून घालतात. बेदाणे, काजू, केशर, सगळं घालून. जे मूल पुस्तक पूर्ण वाचतं आणि नाचत येऊन 'आजी, कसलं भारी होतं' म्हणतं, त्याला मात्र 'बरं, ठेव तिथे' एवढंच मिळतं. हा उलटा न्याय मला कित्येक वर्षं कळला नव्हता. आमच्या इमारतीतल्या मुलांना तो लगेच कळला आणि त्यांनी त्याचा करायचा तो फायदाही करून घेतला. वरच्या मजल्यावरचा ओकांचा चिन्मय तर पुस्तक घेऊन जिना चढायचा आणि तसाच उतरायचा. 'नाही आवडलं, आजी.' की लगेच इंदूताई गॅसवर कढई ठेवणार. त्याची लबाडी त्यांना कळत नसेल, असं मानायला मी तयार नाही. सदाशिव पेठेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला लबाडी कळत नाही, हे कोणी शपथेवर सांगितलं तरी मी ऐकणार नाही. पण त्या काही बोलायच्या नाहीत. वर विचारायच्या, 'तूप कमी नाही ना पडलं?'

इंदूताई आमच्या तळमजल्यावर एकट्या राहतात. पंचाहत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, आणि आवाज असा की पार्किंगमध्ये बोलल्या तरी चौथ्या मजल्यावर दार उघडतं. दारावर जुनी पाटी आहे, 'आठल्ये वधू-वर सूचक केंद्र'. तिच्याखाली बारीक अक्षरांत नंतर रंगवून घेतलंय, 'लहान व वाढत्या वयाच्या मुलांसाठी नवीन पुस्तके सुचवली जातील'. वरची ओळ त्यांनी पुसलेली नाही. दोन्ही ओळींचा एकमेकींशी काय संबंध, हे वाचणाऱ्याने आपापलं ठरवायचं.

तर हे केंद्र त्यांनी पूर्वी खरोखरच चालवलं. पेठेतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवली आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल 'मला विचारलं असतं तर' असं म्हणून ठेवलं. पुढे केंद्र बंद पडलं. लग्नं मोबाइलवर जुळायला लागली म्हणून ते बंद पडलं, असं इमारतीत सगळे धरून चालले होते, मीही त्यातलाच. मग त्यांनी पुस्तकं सुचवायला घेतली. काम बदललं, पण पद्धत काही बदलली नाही. माझा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

दर मंगळवारी सकाळी त्या अप्पा बळवंत चौकात जातात आणि मुलांची नवीन पुस्तकं पाहतात. पाहतात म्हणजे उभ्या उभ्या वाचतातच. दुकानदाराला विचारतात, 'घराणं कोणतं? याचं आधीचं भावंड मी पाहिलंय. दिसायला बरं होतं, पण मध्येच उपदेश करायचं. हे कसं आहे स्वभावाने?' दुकानदार बिचारा आधी गांगरायचा. आता त्यालाही सवय झालीय. 'शांत आहे बाई, पण शेवटाकडे जरा रडवेलं होतं,' असं तो हिशेबाच्या यंत्रावरून मान न उचलता सांगतो. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो, म्हणून मला हे माहीत.

मग संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर इंदूताईंचा संदेश येतो. नमुना म्हणून सांगतो. 'वय नऊ ते अकरासाठी. खेड्यातलं. चित्रं मोजकी पण नीटस. कुत्रा आहे. कुत्रा मरत नाही.' किंवा, 'वय चौदाच्या पुढे. शहरी. आई-वडील हयात, पण लक्ष देत नाहीत. प्रेम आहे, बेताचं. अपेक्षा: वाचणाऱ्याने घाई करू नये.' पुस्तकाने वाचणाऱ्याकडून अपेक्षा ठेवायच्या, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा टायपिंगची चूक वाटली. मी त्यांना फोन करून तसं कळवलंही. त्या म्हणाल्या, 'जोशी, एकाच बाजूच्या अपेक्षा असल्या की काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय,' आणि फोन ठेवला.

जुनी पुस्तकं त्या सुचवत नाहीत. हा त्यांचा नियम आहे आणि त्यावरून आमच्या इमारतीतल्या समस्त आई-बापांशी त्यांची एकेकदा जुंपलेली आहे. आपण लहानपणी जे वाचलं तेच आपल्या मुलाने वाचावं, नाहीतर संस्कृती बुडते, असं आम्हा सगळ्यांना वाटतं. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या ओकबाई तसं म्हणाल्या. इंदूताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'तुमच्या वेळचं स्थळ होतं ते. उत्तम होतं. आता आजोबा झालंय. तुमच्या चिन्मयला कसं देऊ?'  

पुस्तक हवं असेल तर त्यांच्याकडे बघण्याचा कार्यक्रम होतो. मुलाने स्वच्छ हातपाय धुऊन यायचं. आई-वडिलांना आतल्या खोलीत बसवून पोहे देतात, म्हणजे त्यांचं तोंड भरलेलं राहतं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर असतं, कारण 'रूपावर जायचं नाही.' मग इंदूताई मुलाला चार प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांचा पुस्तकाशी काहीही संबंध नसतो. 'भांडण झालं की आधी कोण बोलतं, तू की दुसरा?' 'पोळीचा कोणता भाग आधी खातोस?' 'घरात कोणाच्या पावलांचा आवाज ओळखू येतो?' कितवीत आहेस, किती टक्के पडले, मोठेपणी कोण होणार, यातलं एकही विचारत नाहीत. नंतर मुलाला आणि पुस्तकाला दहा मिनिटं गॅलरीत एकटं सोडतात. आतून एखादी आई वाकून बघायला लागली तर म्हणतात, 'बसा हो. त्या दोघांना बोलू दे.'

आणि मग निकाल. मुलाने हो म्हटलं म्हणजे झालं, असं नाही. पुष्कळदा मूल खूश असतं आणि इंदूताई मान हलवतात. 'पुस्तकाकडून नकार आहे.' का नकार, ते सांगत नाहीत. जास्त खोदून विचारलं तर म्हणतात, 'पत्रिका नाही जमली.' मी हिशेबनीस माणूस आहे, एका खासगी कंपनीत लेखा विभागात आयुष्य चाललंय माझं. जमेची बाजू, खर्चाची बाजू, खाली बेरीज, हे मला समजतं. पण या बाईंचा हिशेब कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, ते मला कधी लागलं नाही.

पाटीवरच्या त्या वरच्या ओळीमुळे आणखी घोटाळे होतात, ते वेगळेच. मागे कराडहून एक जोडपं मुलासाठी स्थळ बघायला आलं होतं. इंदूताईंना वाटलं, पुस्तकाचीच मंडळी. मी तिथे पेपर परत द्यायला गेलो होतो. त्या एका नव्या कादंबरीबद्दल सांगत होत्या. 'पुण्यातलीच आहे. वरून हसरी, आतून गंभीर. तुमच्या मुलाला झेपेल की नाही ते आधी बघू. आणि लपवत नाही, दोन घरी जाऊन परत आलीय.' कराडच्या बाई पोह्यांची ताटली खाली ठेवून उठल्या. मी मध्ये पडून खुलासा केला, तर ते गृहस्थ माझ्यावरच घसरले, की तुम्ही कोण. दाराशी गेल्यावर ते म्हणाले, 'परत आलेली आम्हाला नको होती बाई.' खुलासा होऊनही ते असं का म्हणाले, ते मला कळलं नाही. इंदूताई मात्र त्या दिवशी माझ्याशीही पुढे बोलल्या नाहीत.

हे सगळं मी लांबून, मजेने बघत होतो. मग पाळी माझ्या घरावर आली.

माझी मुलगी मुक्ता लहानपणापासून वाचणारी. आम्हा दोघांचं जे काही जमायचं ते पुस्तकावरून. ती वाचायची, मला सांगायची, मी चुकीचे प्रश्न विचारायचो, ती हसायची. यंदा दहावी झाली आणि ती वाचायची थांबली. बोलायचीही थांबली. 'जेवलीस का?' 'हं.' 'क्लास कसा चाललाय?' 'हं.' क्लास म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, जिथे सगळ्यांची मुलं जातात तो. मी तिला विचारलं होतं, ती गप्प बसली, मी नाव घातलं. घरात एक मुलगी हिंडते आहे आणि तिचा आवाज येत नाही, या गोष्टीने मी आतून फार घाबरलो होतो. बायको म्हणाली, वय आहे. वय मलाही होतं एकेकाळी, पण असं नव्हतं. शेवटी मला वाटलं, ती पुन्हा वाचायला लागली तर बोलायलाही लागेल. म्हणून मी तिला हातपाय धुवायला लावून खाली घेऊन गेलो.

जाताना मी पुरस्कार मिळालेल्या चार पुस्तकांची नावं काढून नेली होती. इंदूताईंनी ती ऐकलीसुद्धा नाहीत. 'तुम्हाला बघायचंय की तिला?' म्हणाल्या आणि मला पोह्यांकडे पाठवलं. आतून मला ऐकू येत होतं. त्यांनी मुक्ताला विचारलं, 'चपलेचा अंगठा तुटला तर टाकून देतेस की शिवून आणतेस?' आणि माझी मुलगी, जी माझ्याशी एका अक्षरापलीकडे बोलत नव्हती, ती म्हणाली, 'तशीच ओढत घालते, कोणाला कळू देत नाही.'  तुटलेली चप्पल हिने कधी घातली आणि आम्ही कुठे बघत होतो?

पहिल्या पुस्तकाकडून नकार आला. 'फार बडबडं आहे, हिला दमवेल.' दुसऱ्याकडून होकार होता. शाळेच्या सहलीत हरवलेल्या एका मुलीची नवी कोरी कादंबरी. मुक्ता ती घेऊन वर आली आणि माझ्या जिवात जीव आला.

पुढचे काही दिवस मी अगदी बापासारखा वागलो, म्हणजे रोज विचारत राहिलो. 'कुठवर आलं?' मग ती कादंबरी उशीच्या बाजूला पालथी पडलेली दिसायला लागली. एका रविवारी मुक्ता म्हणाली, 'मला नाही वाचायचं ते पुढे.' मी तिला समजावलं. अर्धवट सोडायची सवय वाईट. एवढ्या आपुलकीने दिलंय त्यांनी. हे ती खाली मान घालून ऐकत राहिली, आणि मला वाटलं की माझं बोलणं पोचत नाहीये, इंदूताईंनीच सांगायला हवं. शिऱ्याची भानगड मला ठाऊक होती, पण ती चिन्मयसारख्या लहान पोरांसाठी असेल. सोळा वर्षांच्या मुलीला त्या चार शब्द सुनावतील असा माझा समज. म्हणून मी तिला आणि पुस्तकाला घेऊन खाली गेलो.

'काय झालं?' इंदूताईंनी विचारलं.

'अर्ध्यात सोडलंय,' मी म्हटलं. 'मी तिला सांगितलं, थोडं जुळवून घे, पुढे आवडेल.'

  इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं, मग मुक्ताच्या हातून दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं आणि टेबलावर ठेवलं. 'बस,' तिला म्हणाल्या. 'बरं केलंस आणलंस ते.' आणि आत गेल्या. रवा भाजल्याचा वास यायला लागला.

मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. इंदूताईंनी तिच्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, 'काय नाही आवडलं?' आणि मुक्ता बोलायला लागली. मी बाहेर कोचावर होतो, मला कोणी विचारत नव्हतं. ती म्हणाली, त्यात ती मुलगी हरवते आणि सगळे तिला शोधतात. मास्तर शोधतात, पोलीस शोधतात, आई रडते. पण ती हरवलेलीच नसते, ती मुद्दाम चालत गेलेली असते, हे वाचणाऱ्याला कळतं आणि पुस्तकातल्या एकालाही कळत नाही. ती सापडते आणि सगळे तिला मिठी मारतात. 'कोणी विचारतच नाही, की का गेलीस.' एवढी सलग वाक्यं मी तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. शिरा तिच्या हातात आला, तिने दोन घास खाल्ले आणि ती आमच्या दोघांकडे न बघता म्हणाली, 'बाबा, मला तो क्लास पण नकोय.'

'अगं,' मी म्हटलं, 'आत्ताच तर सुरू झालाय. थोडं...'

'जोशी,' इंदूताई म्हणाल्या. त्यांच्या हातात कालथा होता, तो त्यांनी ओट्यावर ठेवला. 'ते वाक्य माझ्या घरात पुन्हा बोलू नका.'

 त्या बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या.

'माझ्या मुलीचं स्थळ मीच आणलं होतं,' त्या म्हणाल्या. 'मीनलचं. नाशिकचं घर, मुलगा नोकरीला, पत्रिका उत्तम. तिने होकार दिला नव्हता. नकारही दिला नव्हता. मी म्हटलं, गप्प आहे म्हणजे होच आहे. वर्षाच्या आत एका सकाळी बॅग घेऊन दारात उभी. मारहाण नव्हती, जाच नव्हता. तिला तिथे राहायचं नव्हतं, एवढंच. मला ते कारण वाटलं नाही.'

मुक्ता खायची थांबली होती. 'तू खा,' इंदूताई तिला म्हणाल्या, आणि पुढे माझ्याशी बोलत राहिल्या.

'मी तिला चहा दिला. खायला काही केलं नाही. खायला केलं तर बसेल, बसली तर राहील, आणि सगळ्या पेठेत होईल की आठल्येबाईंची स्वतःची मुलगी परत आली. चहा झाल्यावर मी तिला तेच सांगितलं, जे तुम्ही आत्ता सांगत होता. केंद्रात येणाऱ्या मुलींना सांगून सांगून पाठ झालं होतं मला. मग शिवाजीनगरला जाऊन तिला गाडीत बसवून आले. पुढे ती त्या घरातून निघालीच. बडोद्याला नोकरी धरली, एकटी राहते, चांगलं चाललंय तिचं. पण दुसऱ्यांदा निघाली तेव्हा ती माझ्याकडे आली नाही.'

'म्हणून केंद्र...' मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

'त्याच आठवड्यात बंद केलं. मोबाइलबिबाइल नंतर आले. लोक म्हणाले मोबाइलमुळे, मी म्हटलं बरं.'

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त मला काय करावं ते कळेना. अशा वेळी पुरुषमाणसं घड्याळ बघतात, तसं मी बघितलं. मुक्ताला मात्र काही अडचण वाटली नाही. तिने बशी ठेवली आणि त्या घरात कोणीही विचारला असता असा साधा प्रश्न विचारला.

'त्यांना काय वाचायला आवडतं?'

'कोणाला?'

'मीनलताईंना.'

 आमच्या इमारतीतल्या कोणत्या मुलाला भुतं चालतात, कोणाला गणिताची गंमत लागते, कोणाला आई नसलेली गोष्ट देऊ नये, हे इंदूताई झोपेतसुद्धा सांगतील. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं.

'माहीत नाही,' त्या म्हणाल्या.

'मग विचारा ना.'

'तिला विचारायची सवय नाही गं मला.'

मुक्ताने टीव्हीशेजारचा त्यांचा मोबाइल उचलून त्यांच्यापुढे धरला. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. इंदूताईंनी चष्मा लावला. पदर नीट केला, पलीकडून कोणी बघणार असल्यासारखा. नंबर त्यांना शोधावा लागला नाही.

'हॅलो. मी आई. नाही नाही, मी बरी आहे. कोणाला काही झालेलं नाही. काम काही नाही गं.' मग बराच वेळ त्यांनी उन्हाबद्दल आणि नळाला येणाऱ्या पाण्याबद्दल सांगितलं. पलीकडून तुटक उत्तरं येत असावीत. मी मुक्ताला खूण केली आणि आम्ही चपला घालायला दारापाशी आलो. तेव्हा मागून इंदूताईंचा आवाज आला, पण नेहमीचा नव्हे. तो चौथ्या मजल्यावर सोडा, पुढच्या खोलीतही जेमतेम पोचत होता.

'मीनू, तू सध्या काय वाचतेस?'

आम्ही दार ओढून घेतलं. जिन्यात मुक्ता थांबली. 'बाबा, क्लासचं काय?' तिने विचारलं. माझ्याकडे एक उत्तर तयार होतं, नेहमी असतं. ते मी दिलं नाही. 'सांग, का नकोय ते,' असं म्हणून मी पायरीवर बसलो. ती माझ्या शेजारी बसली आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करत राहिली. आतला आवाज दारातून बाहेर येत होता. इंदूताई फारसं काही बोलत नव्हत्या. बराच वेळ काहीच नाही, मग 'हो का', मग पुन्हा काहीच नाही, आणि मग हळूच, 'मला माहीतच नव्हतं गं.'